दिव्यात शिरलेलं पाणी

शेळगावात हट्टी माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण झुंबरसारखा हट्टी मी दुसरा पाहिला नाही. बैल वाटेत अडला तर माणूस चार शिव्या घालतो. हा बैलापुढं मांडी घालून बसायचा. बैल कंटाळून उठायचा, हा नाही.

असा माणूस औत सोडून मोटारीच्या नादी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण इंदापूर-बारामती सर्व्हिस मोटार सुरू झाली, तिचा धुरळा याच्या नाकात गेला आणि गडी कामातून गेला. बारामतीला मालकांकडं, आप्पासाहेबांकडं जाऊन म्हणाला, "मला चाकावर बसवा." त्यांनी हातात बादली दिली. यानं बादली घेतली. कित्येक वर्षं मोटार धुतली, हँडल मारलं, टपावर बोजे चढवले. जुन्या ड्रायव्हरची नजर अधू झाली तेव्हा कुठं चाक याच्या हाती आलं. त्या दिवशी तो आम्हाला रस्त्यात उभं करून, चाकावर बसून, उगाचच भोंगा वाजवत गेला. आम्ही हसलो, पण बरंही वाटलं.

मोटार पहाटे अंधारात इंदापुरातून निघायची, शेळगावात आमच्या पाट्या घ्यायची आणि बारामतीला सकाळची रेल्वे गाठायची. आमची मेथी, कोथिंबीर, वांगी त्या रेल्वेनं दौंडावरून पुण्याला जायची. रेल्वे चुकली की मेथी बैलापुढं टाकायची. त्यामुळे झुंबर आमच्या दृष्टीनं देवाच्या खालोखाल होता, आणि उशीर झाला की देवापेक्षा जास्त शिव्या खायचा.

मोटार त्याच्या हाती आली तरी त्याच्या लेखी ती जनावरच होती. आमच्याकडं अवसेला बैलाला जू लावत नाहीत, त्याला धुऊन पुसून उभा करतात. मोटारीला सुट्टी देणं आप्पासाहेबांना परवडणारं नव्हतं. मग झुंबर अवसेच्या संध्याकाळी परतताना ती कालव्याच्या कडेला उभी करायचा आणि बादल्यांवर बादल्या ओतून तिला न्हाऊ घालायचा. त्याची आई धोंडाबाई हळदकुंकू घेऊन यायची, पहिली घागर स्वतः पुढच्या दोन दिव्यांवर ओतायची आणि मग दोन्ही दिव्यांना कुंकू लावायची. म्हणायची, "डोळं हायेत लक्ष्मीचं." रस्त्याचा फुफाटा आत जाऊ नये म्हणून झुंबरनं दिव्यांच्या काचेभोवती मधाच्या पोळ्याचं मेण अगदी गच्च बसवलं होतं. काम असं चोख की मुंगीलाही वाट नाही.

पौषात थंडी पडली आणि दिवे आंधळे झाले. इंदापुरातून निघताना ठीक असायचे, पण कालव्याकडेची गार हवा लागली की काचेवर दव धरायचं आणि उजेड ताकासारखा पांढुरका व्हायचा. झुंबर उतरायचा, धोतराच्या सोग्यानं काच पुसायचा, पुन्हा चाकावर बसायचा, पुन्हा उतरायचा. आम्ही पाट्यांवर बसून ओरडायचो, "जोरात पूस की!" तो पुसून पुसून दमला तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की काच बाहेरून कोरडी ठणठणीत आहे. दव आतल्या अंगाला होतं.

मग काय, सगळेच शहाणे झाले. आमच्यातली पाटीवाली फुलाबाई म्हणाली, दृष्ट लागलीय. झुंबरनं लिंबू-मिरची बांधली. कुणी म्हणालं, थंडी आत शिरते, फट बुजव. झुंबरनं आणखी मेण लावलं. दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून पाण्याचे ओघळ वाहिले आणि काटेवाडीच्या वळणावर मोटार कालव्यात जायची ती बाभळीला अडून राहिली. बाभळीचे उपकार! रेल्वे मात्र गेली. आमची मेथी परत आली आणि मी झुंबरला नको नको ते बोललो. "नाव झुंबर, आन उजेडाची बोंब!" असंही म्हणालो.

आप्पासाहेबांनी बोलणं लांबवलं नाही. ते म्हणाले, "झुंबर, परवा मी इंदापुरातनं तुझ्याच गाडीनं येतो. संगं भिगवणचा म्हस्कू ड्रायव्हर आसंल. रेल्वे घावली तर तू चाकावर. चुकली तर म्हस्कू बसंल, आन तू पुन्यांदा बादली घे."

त्या दुपारी बारामतीच्या आवारात झुंबरनं उजव्या दिव्याचं मेण खरवडलं आणि काच काढली. तळाशी पाणी साचलेलं होतं, कालव्याचंच, कारण गाळाची रेघसुद्धा दिसत होती. मेणानं धुरळा अडवला होता. अवसेचं ओतलेलं पाणी कुठून तरी झिरपत होतं आणि एकदा आत गेलं की त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आता चूक कळली म्हटल्यावर माणसानं थांबावं ना! उजेड पुढं फेकणाऱ्या आतल्या चकचकीत वाटीवर डाग दिसले तसे यानं तांब्या घासावा तशी ती चुलीच्या राखेनं घासली. डागाबरोबर चकाकीही निघाली. उजवा दिवा कायमचा मिणमिणता झाला. डोक्याला हात लावून तो थोडा वेळ बसला. मग उठला आणि डाव्या दिव्याला हात लावताना मात्र बोटसुद्धा वाटीला लागू दिलं नाही. पाणी ओतून दिलं, दिवा उन्हात उघडा ठेवला, काच परत बसवली आणि मेण फक्त वरच्या अंगाला लावलं. खाली फट ठेवली, पाण्याला आणि वाफेला जायला.

दुसऱ्या दिवशी नेमकी अवस होती. संध्याकाळी शेळगावाला मोटार थांबली तेव्हा धोंडाबाई भरली घागर घेऊन उभी. मीही तिथंच होतो. झुंबर दिव्यांपुढं आडवा उभा राहिला.

"आये, आज पानी न्हाय."

"का रं? आजवर कदी चुकलं न्हाय. लक्ष्मी पारोशी ठिवतुस?"

"पानी लावलं तर उद्या चाक जाईल माजं."

"माज्या पान्यानं चाक जातंय?" म्हातारीचा आवाज फाटला. "इतकी वर्सं मीच वाईट करीत आले म्हन की!"

आईला तो जन्मात कधी नाही म्हणाला नव्हता, हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्यानं घागर तिच्या हातातून काढून घेतली, तिला दगडावर बसवलं आणि खाली बसून ते सगळं पाणी तिच्या पायांवर ओतलं. भेगांतली माती अंगठ्यानं चोळून काढली. "लक्ष्मी हितं हाय," म्हणाला. "तिला कोरडंच कुंकू लाव, आये. पर लाव." म्हातारीनं कुंकू लावलं, तेही दिव्याला नाही, मोटारीच्या नाकाडावर. मला गहिवरून आलं, आणि ते लपवायला मी उगाच रिकाम्या पाट्या मोजत बसलो.

पहाटे मोटार आली तेव्हा पुढच्या बाकावर आप्पासाहेब, त्यांच्या शेजारी मफलर गुंडाळलेला म्हस्कू. मागं आम्ही आणि आमची मेथी. थंडी अशी की दात वाजत होते. कालव्यावरून धुकं रस्त्यावर उतरलं होतं. उजवा दिवा नावालाच, डाव्याचा उजेड रस्त्याच्या कडेवर पडलेला. झुंबर ती कड धरून चालला. सगळ्यांची नजर डाव्या दिव्याच्या उजेडाकडं, जणू आम्ही डोळे वटारले की दव भ्यायचं.

काटेवाडीच्या अलीकडं त्या उजेडाच्या खालच्या अंगाला धूसर डाग धरला. म्हस्कू पुढं सरकून म्हणाला, "आलं बगा."

"येऊ द्या," झुंबर म्हणाला, आणि त्यानं मोटारीचा वेग कमी केला नाही. डाग तेवढाच राहिला. थोड्या वेळानं आक्रसला, आणि वळण आलं तेव्हा उजेड स्वच्छ होता. बाभळ डावीकडून गेली. मी देवाचं नाव घेतलं. झुंबरनं घेतलं असेल तर मनात.

बारामतीच्या स्टेशनात रेल्वे वाफ सोडत उभी होती. आम्ही पाट्या घेऊन धावलो. मागं वळून पाहिलं तर झुंबर अजून चाक धरूनच बसलेला, आणि गालांवरून पाणी चाललेलं. पुसायचंही भान नव्हतं त्याला. आप्पासाहेब खाली उतरून धोतर झटकत म्हणाले, "उद्या उजव्यालाबी नवी वाटी आनू."

म्हस्कू मात्र आपलं गाठोडं घेऊन तसाच घुटमळत होता. आप्पासाहेबांनी त्याला दौंडावरून भिगवणचं तिकीट काढून दिलं. तेव्हा कुठं झुंबर उतरला. त्यानं डोळे पुसले, म्हस्कूचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि त्याला डब्यापर्यंत नेऊन आमच्या मेथीच्या पाटीशेजारी जागा करून दिली. "बसा बिगीनं," म्हणाला, "ही गाडी कुनासाठी थांबत न्हाय."