तांबुआ घेतल्यावर

वेरेनिकी तसा वाईट माणूस नव्हता, त्याचा हात वाईट होता. सगळ्या नाकोरोवाई गावात फुटबॉलवर पोट भरणारा तो एकटाच. उसात राबणाऱ्या त्याच्या भावांना त्याचं कोण कौतुक!

त्या शनिवारी शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाचा गोल झाला. ऑफसाइड होता, असं वेरेनिकीला वाटलं, पण लाइन्समन देवेंद्र गौंडरने झेंडा वर केला नाही. सगळे गोलकडे बघत असताना वेरेनिकी धावत गेला आणि त्याने देवेंद्रच्या तोंडावर ठोसा मारला. पुढचा दात तिथेच गवतात पडला.

नियम साफ होता. पंचांवर मुद्दाम हात उचलला तर जन्मभराची बंदी, झटापटीत लागला तर काही सामने बाहेर. मुद्दाम की चुकून, हे सांगणारा देवेंद्र एकटाच होता.

रविवारी चर्च सुटल्यावर वेरेनिकीचा मामा सेवुलोनी तांबुआ, म्हणजे देवमाशाचा दात, घेऊन देवेंद्रच्या अंगणात गेला. मामा-भाचे दोघे माना खाली घालून चटईवर बसले.

"अहो, वर खुर्चीवर बसा की!" देवेंद्र संकोचून म्हणाला.

"आज आमची जागा खालीच," सेवुलोनी म्हणाला. "आमच्या पोराने तुमच्यावर हात उचलला. आम्हाला पदरात घ्या."

देवेंद्रने तांबुआ दोन्ही हातांनी घेतला. सुजलेल्या ओठांनी कसाबसा हसला. "माझा लहान गेला, हा केवढा आला! बायको म्हणेल, हाच बसवून घ्या."

वेरेनिकीला रडू फुटलं. मग यांगोनाची, मुळं कुटून केलेल्या पेयाची, वाटी फिरली. तांबुआ घेतला की ती गोष्ट पुरली जाते. पुन्हा कुणी, कधी, कुठेही उकरायची नाही. बेटावर वाढलेल्या देवेंद्रला हे कुणी शिकवायला नको होतं.

रस्त्यावर क्लबचा मॅनेजर सलेश गाडी घेऊन थांबला होता. "घेतला ना? झकास! आता समितीपुढे त्याचं तोंड शिवलं!"

वेरेनिकीने मामाकडे पाहिलं. "मोमो, तुला ठाऊक होतं?"

"हा म्हणाला होता," सेवुलोनी पुटपुटला. "मी म्हटलं, माफी तर मागायचीच आहे."

माफीलासुद्धा कुलूप म्हणून वापरणारी माणसं असतात. वेरेनिकीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शिस्त समितीपुढे अध्यक्षबाईंनी देवेंद्रला विचारलं, "मुद्दाम मारलं का?"

देवेंद्रने तळहात तोंडावर ठेवला.

"गौंडर, मैदानात घडलेलं सांगायचं नसेल तर तुमच्या हातात झेंडा तरी कशाला द्यायचा?"

देवेंद्रने मान खाली घातली. सगळं आयुष्य त्याने त्या झेंड्यामागे धावण्यात घालवलं होतं, तरी तो बोलला नाही. सलेशने वेरेनिकीची मांडी थोपटली. वेरेनिकीने तो हात बाजूला सारला आणि तो उठला.

"मुद्दाम मारलं. मूठ आवळून."

"खाली बस, गाढवा!" सलेश ओरडला.

"त्यांनी मला माफ केलंय, म्हणून ते बोलत नाहीत. मला बोलायला कुणाची बंदी? चुकून लागलं असतं, तर माझा मामा त्यांच्या अंगणात जमिनीवर बसला असता का?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि हळू आवाजात शिक्षा सांगितली. जन्मभर खेळायचं नाही, सामना असेल तेव्हा मैदानाच्या फाटकातही पाऊल टाकायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात देवेंद्रने वेरेनिकीचा दंड धरला. "वेड्या, मी निभावलं असतं की रे."

"माझ्याने नसतं निभावलं, भैया."

वेरेनिकी आता भावांबरोबर ऊस तोडतो. शनिवारी मात्र अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून मैदानाच्या तारेबाहेर आंब्याखाली येऊन बसतो. आत देवेंद्रने झेंडा वर केला की लोक शिव्या घालतात, आणि तारेबाहेरून वेरेनिकी घसा ताणून ओरडतो, "बरोबर आहे! ऑफसाइडच होता!"

तिथून त्याला निम्मं मैदानसुद्धा दिसत नाही.