ओझं कोण चढवतं

"हे पूर्वी गाढवांना मारायचे," ताई म्हणाल्या. "आज आमच्यासोबत काम करतात. आम्ही यांना माणसात आणलं."

आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो. उभं राहा असं कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी नाव घेतलं की पाय आपोआप सरळ व्हायचे, तसे झाले. समितीतले सगळे आमदार माझ्याकडे बघत होते. एकानं चष्मा वर सारून मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारचा हसला. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाईही हसला. आणि मीही हसलो. तोंड फाकवून, दात दाखवून. ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक या समितीपुढे होतं आणि समितीनं प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना म्हणणं मांडायला बोलावलं होतं. आमची संस्था अकोल्याची. जठारपेठेत ऑफिस. ताई संस्थेच्या अध्यक्ष. मी पगारी माणूस. गाडी चालवतो, रस्त्यावरची जखमी जनावरं उचलून आणतो, जखमा धुतो, किडे काढतो. ताईंच्या हाताखाली हे काम शिकलो हे खरं आहे, ते मी नाकारत नाही.

पण त्या दिवशी मी गाडी चालवायला आलो नव्हतो. संस्थेच्या सूचनांमध्ये एक सूचना माझी होती. वीटभट्टीवर गाढवाच्या पाठीवर पेलवणार नाही एवढं ओझं लादलं, तर गाढवाच्या धन्यासोबत भट्टीमालकावरही गुन्हा दाखल व्हावा. कारण ओझं किती ते धनी ठरवतच नाही, भट्टी ठरवते. ताईंना हे पटलं होतं. "हे कलम आलंच पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. मी हवेतच होतो. नवा शर्ट घेतला. निघताना मायनं विचारलं, "कुठी चालला सजून-धजून?"

म्हटलं, "कायदा कराले."

"जाय बाप्पा, कर," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

समितीच्या खोलीत पडदा लावला होता. माझं हसू तोंडावरून उतरायच्या आत त्यावर एक फोटो आला. गाढवाचं डोकं. दोन्ही नाकपुड्या वरपर्यंत फाडलेल्या, कडा वाळून जाड झालेल्या. खोलीतले सगळे एकदम "अरे रे" म्हणाले. गाढवाच्या गळ्यातला दोर धरलेला एक हातही फोटोत होता. मनगटात लोखंडी कडं, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. माणसाचा चेहरा वरून कापून टाकला होता.

तो हात माझ्या बाबाचा होता. गाढवी आमची होती. राणी.

संस्था पहिल्यांदा भट्टीवर आली तेव्हा कुणीतरी तो फोटो काढला असणार. मला कुणी विचारलं नाही. बाबाला तर नाहीच.

आमची जात आडनावावरून कळत नाही, गाढवावरून कळते. शाळेत मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कुणीतरी रेकायचं. मास्तर पाठ वळवून हसायचे. मी गाढवांचा वास जावा म्हणून सकाळी दोनदा साबण लावायचो, तरी रेकणं काही थांबलं नाही. पुढं संस्थेत लागलो, गळ्यात ओळखपत्र आलं, "प्राणिमित्र" असं त्यावर छापलेलं होतं. मला वाटलं, सुटलो एकदाचा. आणि विधानभवनात, नव्या शर्टात, मी पुन्हा त्याच वर्गात उभा होतो.

नाक फाडण्याचं सांगतो. आमच्यात ओझ्याच्या गाढवाच्या नाकपुड्या फाडतात. समज असा, की नाक मोकळं झालं की श्वास मोकळा होतो आणि जनावराला दम लागत नाही. आजोबानं तेच केलं, बाबानं तेच केलं. भट्टीवर चढण असते. राणी कच्च्या विटा घेऊन अर्ध्या चढणीवर थांबायची. तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. बाबा खाली वाकून तिच्या तोंडाकडे बघायचा. वरून मुनीम ओरडायचा, "अजून दोन चढव बे! रिकामी काहून आनून राहिला?" तिची पाठ तर आधीच वाकलेली असायची.

मग एका सकाळी बाबानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. वस्तरा चुलीवर तापवला होता. तो तिच्या कानाशी "झालं माय, झालं माय" असं म्हणत होता आणि चिरत होता. रक्त आलं. बाबानं हळद भरली. त्या दिवशी तो जेवला नाही. राणीला बरं वाटावं म्हणून केलं होतं त्यानं. तिच्यावर त्याचा जीव होता.

आणि ते चूक होतं. संस्थेत आल्यावर डॉक्टरांनी मला समजावलं, नाक फाडून श्वास वाढत नाही. नुसती जखम होते, धूळ आत जाते, माश्या बसतात. ते ऐकलं त्या दिवशी मला बाबाची लाज वाटली. घरी गेलो आणि त्याच्यावर ओरडलो, "कसाई आहा तुमी!" बाबा बाहेर जाऊन राणीजवळ बसला.

तीच लाज आता पडद्यावर मोठी करून सगळ्यांना दाखवली जात होती. ताईंचा आवाज चालूच होता. "अशी क्रूर माणसं आजही आपल्या जिल्ह्यांत आहेत. अशांची जनावरं कायमची जप्त करावीत, ही आमची सूचना." पुढची सूचना आली. त्याच्या पुढची आली. मग ताई "धन्यवाद" म्हणाल्या.

माझी सूचना आलीच नाही. मी वाकून ताईंना विचारलं, "भट्टीमालकाचं कलम?"

"ते काढलं," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "भट्टीवाले आडवे आले तर अख्खं विधेयक पडेल. आधी हे तरी होऊ दे. तू बस."

मला कळायला थोडा वेळ लागला. सूचनांतून मालक निघून गेला होता. उरला होता बाबाचा हात. आता कायदा होणार, आणि पोलीस आमच्या झोपड्यांशी येऊन गाढवं घेऊन जाणार. मालक दुसऱ्या दिवशी दुसरी गाढवं आणि दुसरे बाप बोलावणार. आणि हे सगळं आमच्यातल्याच माणसाला पटलंय असं दाखवायला मला तिथं आणलं होतं.

मी बसलो नाही. ऑफिसात मी जपून, शुद्ध बोलतो. त्या वेळी जी तोंडात आली ती घरची भाषा आली.

"साहेब, नाक फाडलं ते खरं हाये. हा हात माह्या बापाचा हाये. पन काहून फाडलं ते त्याले इचारा. गाढवीले दम लागे म्हनून फाडलं. अन् दम काहून लागे? वझं कोन चढवे? त्याचा फोटो कुठी हाये?"

खोलीत कुणीतरी खाकरलं. चष्मेवाले आमदार म्हणाले, "हे संस्थेतर्फे बोलतायत का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "त्यांचं वैयक्तिक मत आहे."

"मग नोंद घेता येणार नाही. बसा."

"नका घेऊ नोंद," मी म्हटलं. "पन तो फोटो काढा तिथून."

फोटो चालवणाऱ्या मुलीनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली नाही. मग मी चालत गेलो आणि पडद्यासमोर उभा राहिलो. प्रकाश डोळ्यांत घुसला. खाली पाहिलं तर राणीचं फाटलेलं नाक माझ्या शर्टावर पडलं होतं. सुरक्षारक्षक आला आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेला. गुन्हेगाराला नेतात तसंच. मी झटापट केली नाही, पण मान खाली घातली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

ताई मागोमाग बाहेर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "किती वर्षांची मेहनत घालवलीस तू. तुला माणसात आणलं त्याचे हे पांग फेडलेस?"

"मी माणसातच होतो, ताई," मी म्हटलं. "बाबाही होता."

गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली. अमरावतीपर्यंत एक एसटी, तिथून अकोल्याची दुसरी.

बाबा झोपडीपुढे बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. फोटो, आमदार, हसणं, सगळं. मला वाटलं तो चिडेल, किंवा रडेल. तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

"माहा हात ओळखू आला तुले?"

"आला."

"मंग तोंड काहून कापलं त्याहीनं?"

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो आणि "कसाई" म्हटल्याबद्दल माफी मागितली. तो "हं" म्हणाला, एवढंच.

संस्था मी सोडली. आता भट्ट्यांवर जातो. गाढववाल्यांना सांगतो, नाक फाडू नका, आणि जास्तीचं ओझं चढवायला लावलं तर ओझं तिथंच टाकून जनावर घेऊन खाली उतरा. मालक शिव्या घालून हाकलतात. आमचेच लोक म्हणतात, "तुहं बोलनं आमाले उपाशी मारीन." त्यांचं खोटं नाही. राणीच्या नाकाकडे बघितलं की मला आजही लाज वाटते. ती जाणार नाही, आणि जाऊही नये.

पण ती एकट्या बाबाच्या डोक्यावर राहू देणार नाही. विधेयक अजून समितीपुढेच पडून आहे. समिती बोलावो न बोलावो, आम्ही जाणार. कुणाच्या संस्थेतर्फे नाही. बाबा स्वतः सांगेल त्यानं काय केलं आणि कुणी करायला लावलं. कायद्यात गाढववाल्याचं नाव येणार असेल तर त्याच ओळीत भट्टीमालकाचं यायला हवं. ते येत नाही तोवर आमच्या एकाही जनावराला कुणाला हात लावू देणार नाही.