अब्बासभाईंच्या दोन पितळी पुंगळ्या

माझ्या धाकट्या बहिणीचं, यमूचं, लग्न माझ्या फटफटीने एकदा मोडलं आणि एकदा जमवलं. दोन्ही वेळा मी फक्त सोबत होतो.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. वडील गेलेले, घरात आई, यमू आणि मी. मी सोलापुरात डॉक्टर म्हणून नुकतीच पाटी लावली होती, आणि खेड्यावरच्या रोग्यांकडे जायला सोय म्हणून गिरणीतल्या एका साहेबाची जुनी, दोन सिलिंडरांची फटफटी घेतली होती. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. (याच आवाजाला कंटाळून निघाला असणार, असं आई म्हणे.) इंजिनाचा आवाज गिळण्यासाठी तिला मागे दोन पुंगळ्या होत्या, म्हणजे सायलेन्सर. त्या गंजून गंजून एक दिवस रस्त्यात गळून पडल्या. तेव्हापासून मी घरी येऊ लागलो की गल्लीतली हसरी मुलं रडत, रडणारी गप्प होत, आणि दवाखान्याकडे निघालो की तिथे वाट बघत बसलेले निम्मे रोगी आपोआप बरे होऊन घरी जात!

यमूला बघायला पहिली मंडळी आली ती बार्शीची. त्यांचा टांगा आमच्या दाराशी उभा राहायला आणि मी फटफटीवर कोपऱ्यातून वळायला एकच गाठ पडली. घोडं दोन पायांवर उभं राहिलं, उधळलं, आणि थांबलं ते थेट स्टेशनावर. मंडळी टांग्यातून उतरली आणि तशीच परतीच्या गाडीत बसली. यमूचं तोंडसुद्धा त्यांनी पाहिलं नाही.

त्या दिवशी यमूने नेसलेलं लुगडं सोडून घडी करून ठेवलं. आई मात्र बोलली.

"विनायका, एक तर ही पोरगी या घरातून उजळ माथ्याने जाईल, नाहीतर ती फटफटी भंगारात. काय ते तू ठरव!"

मग दुधनीचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, नाव श्रीधर. मध्यस्थाकडून त्याने एवढंच विचारलं होतं की, मुलीला पुढे शिकायचं आहे का? हे ऐकून यमूने दिवसभर तीच तीच भांडी पुन्हापुन्हा घासली, त्यावरून मी काय ते समजलो. मुलाच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, अर्धशिशीचा त्रास. त्यांचाही निरोप होता: गुरुवारी बघायला येतो; घर शांत असावं, मुलगी मऊ बोलणारी असावी.

संध्याकाळी यमू माझ्याजवळ आली. या पोरीने जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. दर रविवारी मी फटफटी खोलून बसलो की शेजारी बसून हातात पाने-पकडी द्यायची, आणि खोललेली परत कशी जोडायची हेही (मला न दुखवता) सांगायची.

"दादा," ती म्हणाली, "गुरुवारी ती बाहेर काढू नकोस हं. एवढं माझ्यासाठी कर."

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की माझ्या हातून काहीतरी विपरीत होतंच. मी म्हणालो, "बाहेर काढणार नाही हे तर आहेच, पण मी तिला मुकीच करून टाकतो!"

मुंबईहून नव्या पुंगळ्या मागवायला वेळ नव्हता. तेव्हा मी गाठले अब्बासभाईंना. अब्बासभाई म्हणजे शहरातल्या सगळ्या लग्नाच्या बँडांचे वैद्य. चेपलेले कर्णे, चिरकलेल्या सनया, दमा झालेल्या क्लॅरोनेट, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. पत्र्याचं काम पत्रेवाल्याकडे न्यावं हे मला सुचलं नाही. मी विचार केला, नळीत फुंकलेल्या हवेचा आवाज यांच्याइतका कुणाला कळतो?

"डॉक्टरसाब, फिकर नक्को करो," नळ्यांमध्ये बोट घालून बघत अब्बासभाई म्हणाले. "लेकिन एक बात. आवाजकू मारना अपनेकू नई आता. सुदारना आता."

"सुधारा की! पण बारीक झाला पाहिजे."

"ऐसा बारीक करतूं की मैय्यत में लेके जाव, कोई मुडके नई देखेगा."

त्यांनी खरोखर झकास काम केलं. पितळेच्या दोन लखलखीत पुंगळ्या, आत भोकाभोकांचे पडदे, शेवट जरासा कर्ण्याच्या तोंडासारखा उमललेला. (हा उमललेपणा बघूनच मला शंका यायला हवी होती.) फटफटी सुरू केली तर काय! मांजर दूध पितं तेवढाच आवाज. यमूसुद्धा खुदकन हसली. "दादा, हिला झालंय तरी काय? बरी आहे ना?"

गुरुवार उजाडला. आईने शेंगाच्या पोळ्या केल्या. यमूला मोरपंखी लुगडं नेसवलं. पाहुणे यायला अजून अवकाश होता, तेवढ्यात एक माणूस धापा टाकत दारात आला. गावाबाहेरच्या वस्तीवर त्याची बायको बाळंतपणात अडली होती.

"चला की डॉक्टर! लई त्रास हाय तिला!"

मी यमूकडे बघितलं. तिने उठून माझी बॅग आणून दिली. "जा तू. येताना कोपऱ्यावर बंद कर आणि ढकलत आण."

बाळंतीण सुटली. मुलगा झाला. मी आनंदात परत निघालो, आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. उन्हाने आणि लांबच्या पल्ल्याने पितळ तापलं. आधी डावीकडच्या पुंगळीतून एक संथ, भरदार सूर यायला लागला. मागाहून उजवीकडची जागी झाली. तिचा सूर त्याच्यावर, नाकातून, थरथरत. एकाने सूर धरावा आणि दुसऱ्याने आळवावं, अशी ती जोडसनईच झाली हो! अब्बासभाईंच्या हाताला जी सवय, तीच त्या पितळेत उतरली होती. मी घाबरून वेग कमी केला, तर बेटी आणखी गोड वाजू लागली!

कोपऱ्यावर मी इमानदारीने बटण दाबलं. इंजिन इतकं तापलं होतं की ते बंदच होईना. बटण दाबलं, तारा ओढल्या, लाथ मारली, शेवटी हात जोडले. काही नाही. मग यमूने सांगितल्याप्रमाणे मी ती चालू फटफटी ढकलत, घामाघूम होऊन, सनई वाजवत आमच्या गल्लीत प्रवेश केला.

यमूला बघायला पाहुणे आलेत हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यात सनई ऐकू आली. झालं! कुणीतरी ओरडलं, "ठरलं! यमूचं ठरलं!" समोरच्या काकू ओवाळणीचं तबक घेऊन धावल्या. शेजारच्या विणकर मल्लम्मा तर माग थांबवून हातात नवंकोरं लुगडं घेऊन आल्या. यमूच्या लग्नाला म्हणून त्यांनी ते कधीचं विणून ठेवलं होतं.

"अय्यो, आमाला सांगितलं पन न्हाय की! आमची पोरगी न्हवं का ती?" मल्लम्मांच्या डोळ्यांना पाणी.

हा सगळा लवाजमा माझ्या पुढे होऊन आमच्या घरात घुसला. मी दारात पोचलो तेव्हा आत अण्णा डोक्याला घट्ट उपरणं बांधून उभेच राहिले होते.

"काय हो हे?" ते आईला विचारत होते. "आम्ही अजून पोळी खाल्ली नाही, आणि तुमची वाजंत्री आली? हा होकार काढायचा नवा प्रकार का?"

आई तुपाची वाटी हातात घेऊन पुढे आली. "नाही हो... ती आमच्या विनायकाची..." पाटावर बसलेल्या यमूची मान खाली होती. लुगड्यावर टपकन एक थेंब पडलेला मला दारातूनही दिसला.

आणि फटफटी माझ्या मागे आळवतच होती!

मी पुन्हा तिला लाथ मारली. तेवढ्यात यमू उठली. बघायला आलेल्या मंडळींपुढून मुलगी अशी उठत नसते, पण ती उठली. पदर खोचून, तबकं आणि पाहुणे ओलांडून, तरातरा बाहेर आली, खाली वाकली आणि पेट्रोलची तोटी फिरवली.

"तोटी बंद करायची असते आधी!" मऊ बोलणारी आमची यमू सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "किती वेळा सांगायचं, दादा? हातात बटण दिसलं की दाबत बसतोस!"

फटफटीने दोन शेवटचे, फार करुण सूर काढले आणि ती थांबली.

एवढी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत कुणीतरी हसलं. श्रीधरच हसत होता. हसत हसत तो बाहेर आला, कौतुकाने त्या पितळी पुंगळीला हात लावला आणि "आई गं!" करून नाचायला लागला. यमूने आईच्या हातातली तुपाची वाटी घेतली आणि न लाजता त्याच्या बोटांना तूप चोळलं.

"तुम्हाला इंजिनातलं कळतं?" त्याने विचारलं.

"दादाला कळत नाही, म्हणून शिकावं लागलं."

अण्णांनी हळूहळू उपरणं सोडलं. समोर तबक होतं, मल्लम्मांच्या हातात लुगडं होतं, पोरगा बोट पुढे करून खुळ्यासारखा उभा होता. "बसा हो सगळ्या," ते म्हणाले. "वाजून झालंय, ओवाळणारणी आल्यात, लुगडं आलंय. आता मी नाही म्हणालो तर गल्ली मला सोडेल का? वाढा पोळी!"

यमू दुधनीला गेली. तिथेच पुढे शिकली. आता मुलींच्या शाळेत शिकवते. मध्यंतरी मी मुंबईहून चांगल्या मुक्या पुंगळ्या मागवून बसवल्या होत्या. पहिल्यांदा तशी फटफटी घेऊन दुधनीला गेलो, तर दारात उभा राहिलो तरी कुणाला पत्ताच नाही. यमू रुसली. "ते काय, चोरासारखं येणं? तू वेशीत आलास की मला कळायला हवं. भात टाकायचा असतो." शेवटी सोलापूरला परत आल्या आल्या जुन्याच चढवल्या. आता तर त्या न तापताही वाजतात.

तेव्हापासून रोज सकाळी दवाखान्याला जाताना आणि संध्याकाळी परत येताना मी सनई वाजवत सबंध सोलापुरातून जातो. नवखी माणसं बाजूला होऊन वाट देतात, बायका कौतुकाने खिडकीत येतात, आणि मग निराश होऊन आत जातात. इतकी वर्षं झाली, रोज दोन वेळा माझी वरात निघते आहे. नवरीचा शोध आई अजून घेतेच आहे.