धुराचे पैसे

आमच्या सोसायटीने गाड्यांवर कर लावला, तो रविवार. नव्वदच्या दशकाची सुरुवात, मीरा रोड. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाही आणि गच्चीवर सतरंज्या टाकून मीटिंग भरलेली...

विषय होता धूर. आमच्याकडे तेव्हा पाच-सहा स्कूटर होत्या, त्यातली एक माझी. सेक्रेटरी शाहभाई उभे राहिले आणि म्हणाले, "देखो भाई, जो धुआँ करेगा वो भरेगा. उस पैसे से हम झाड लगाएँगे." तळमजल्यावरच्या सुलभाकाकूंना दमा आहे, त्यांना त्रास होतो, असंही त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझं डोकंच सटकलं. माझी नोकरी ठाण्याला. इथून तिकडे सरळ ट्रेन नाही आणि घोडबंदरवरून जाणारी बस कधी येईल याचा नेम नाही. स्कूटर ही काही माझी हौस नव्हती हो.

ती घेतानाच रोड टॅक्स भरला होता. रोड मात्र आमच्या गल्लीत नव्हताच, नुसता चिखल... त्यात पीयूसीचं नवीन लचांड मागे लागलेलं, आणि आता हा घरचा कर!

मी विचारलं, पाण्याचा टँकर रोज कंपाउंडमध्ये इंजिन चालू ठेवून उभा असतो, भसाभस काळा धूर सोडतो, त्याचे पैसे कोण भरणार? शाहभाई शांतपणे म्हणाले, "टँकर तो सबका है ना." ठराव पास झाला. विरोधात हात फक्त आम्हा स्कूटरवाल्यांचे.

भरले पैसे. काय करणार... रोज ठाण्याहून धूळ खात घरी आल्यावर भांडायला अंगात त्राण कुठे उरायचं?

ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे त्यांना सकाळचा तो कार्यक्रम आठवत असेल. चोक ओढायचा, स्कूटर एका अंगावर कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि मग किकवर किक. सुरू झाली की निळसर धुराचा लोट.

कंपाउंडमध्ये फरशी घातलेली जागा तेवढी एकच होती, काकूंच्या खिडकीखाली. म्हणून सगळ्या स्कूटर तिथेच लागायच्या. आधी मी निदान गाडी सुरू झाली की लगेच निघायचो. पैसे भरल्यावर मात्र इंजिन चांगलं गरम होईपर्यंत ॲक्सिलरेटर पिळत उभा राहायला लागलो. का नाही राहायचं? धुराचे पैसे भरले होते ना मी!

झाडंही लागली म्हणा. अशोकाची रोपं आणली होती, ती मागच्या अर्धवट भिंतीवरून आलेल्या शेळ्यांनी खाल्ली. उरलेल्या पैशांत गेटला रंग लावला... हिरवा.

मग एक दिवस स्कूटर हटूनच बसली. मी किक मारतोय, ती फुरफुरतेय, धूर सोडतेय आणि बंद पडतेय. तेवढ्यात काकूंची खिडकी उघडली.

काकू एकट्याच राहायच्या. आधी परळला, गिरणीला लागून असलेल्या खोलीत. तिथल्या धुराने दमा जडला, डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जा म्हटलं, म्हणून ती खोली विकून मीरा रोडला आलेल्या. मोकळ्या हवेसाठी... आणि वाट्याला आली आमची फरशी.

बराच वेळ त्यांना बोलताच येईना. गज धरून नुसत्या खोकत होत्या. मी किक मारणं थांबवलं. दम परत आल्यावर म्हणाल्या, "शिरीष, तू पैसे भरतोस म्हणे माझ्या त्रासाचे?"

मी म्हटलं, "हो काकू, दर महिन्याला भरतो."

"अरे, मग कुणाला देतोस? माझ्यापर्यंत तर धूरच येतोय." त्या थांबल्या, पुन्हा श्वास घेतला. "मीटिंग ठेवलीत गच्चीवर. मला चार जिने चढवतात का रे? खाली येऊन एकाने विचारलं असतं तर सांगितलं असतं... गेटबाहेर ढकलत न्या आणि तिथे मारा किक. मला पैसे नकोत, झाडं नकोत. सकाळी खिडकी उघडायची आहे."

एवढंच बोलून त्यांनी खिडकी लावून घेतली. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी उशीर झाला तरी पुन्हा किक मारायला पाय धजेना. करावरून किती तावातावाने भांडलो होतो मी... आणि सगळ्या भांडणात माझ्यावर होणारा अन्याय तेवढा मला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी स्कूटर ढकलत निघालो. चाकं चिखलात रुतत होती, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. गेटबाहेर पोचलो, चोक ओढला, स्कूटर कलती केली आणि दणकून किक मारली. मनातून जरा बरंही वाटत होतं.

धूर निवळला तर समोर जवळच्या मोरवा गावातून भाजी विकायला येणारी मावशी बसलेली. पदराने नाक धरून, दुसऱ्या हाताने पालेभाजीवरचा धूर हाकलत. "दादा, जरा पुढं ने रं," ती म्हणाली. "ही भाजी लोकांनी खायाची हाय."

पुढे नेली. गल्लीच्या टोकाला रिकामा प्लॉट होता, पलीकडे नुसतं खाऱ्या पाण्याचं खाजण, माणूस नाही. मग वर्षानुवर्षं, स्कूटर विकेपर्यंत, रोज सकाळी तिथवर ढकलत न्यायचो. त्या दोघींनी सांगितलं म्हणून निदान कळलं, त्यांचे उपकारच आहेत.

पण खरं सांगू? कर भरणं त्यामानाने फारच सोपं होतं...