माझी रहस्यकथा चोरणाऱ्याला मी भरसभेत विचारलं

मैत्रिणींनो, आज सूड उगवून आले आहे आणि मला जराही वाईट वाटत नाही.

सकाळी आमच्या मराठी मंडळात वासुदेवरावांनी ‘स्वतःची’ रहस्यकथा वाचली. ऐकता ऐकता माझे कान तापले. ती माझीच कथा! गेल्या महिन्यात त्यांच्या घरी कॉफी पिताना मीच सांगितलेली. म्हातारा सावकार, कॉफीत विष, खुनी स्वयंपाकीण.

पण माझी एक सवय आहे. कथा लिहून होईपर्यंत मी सगळ्यांना मुद्दाम चुकीचा खुनी सांगते.

टाळ्या थांबल्यावर मी उभी राहिले. "वासुदेवराव, स्वयंपाकीण खुनाच्या आदल्या दिवशीच गावी, नंजनगूडला गेली, असं तुम्हीच वाचलंत. मग कॉफीत विष कालवलं कुणी?"

"अय्यो, ती... परत आली असेल."

"असेल? लेखक तुम्ही ना?"

सगळी सभा हसली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला आणि मी तो पोटभर बघितला.

निघताना ते हळूच म्हणाले, "अक्का, मग खरा खुनी कोण?"

"दिवाळी अंकात येईल. विकत घेऊन वाचा!"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला क्षमा शिकवायच्या. त्या विषयात मी कायम नापास.

लोक विचारतात, या वयात कथेला प्रेरणा कुठून मिळते? अशी माणसं असताना ती शोधायची कशाला? घरी येताच नवी कथा सुरू केली आहे. तिच्यात दुसऱ्यांच्या गोष्टी चोरणारा एक गृहस्थ पहिल्याच पानावर मरतो.

त्याला कशाने मारू, तेवढं सुचवा. मरण लवकर येणारं नको.