अंबुबाईचा चहा आणि तंबूतली काणी सासू

रहाटणीच्या अंबुबाईचा डावा डोळा तरुणपणीच गेला. बाजरी काढताना कुसळ घुसलं, कुणा वैदूनं त्यात पाला पिळला, आणि डोळ्याचा निकाल लागला. उरलेल्या एका डोळ्यावर तिनं नवऱ्यामागं शेत राखलं, पोराला, जयसिंगला, वाढवलं आणि पिंपरीच्या कंपनीत चिकटवलं. तिला आता एकच हौस होती, घरात बोलायचालायला सून हवी.

सून आली तळवड्याची. शालन. पोरगी गुणाची, पण पिक्चरचं वेड म्हणजे काय विचारता! तेव्हा माळामाळावर तंबूतला सिनेमा लागायचा. आणि त्यात, देव त्या लिहिणाऱ्यांचं भलं करो, पाय लंगडा असेल तो लबाड, पाठीला पोक असेल तो खुनी, आणि सासू एका डोळ्याची असली की सुनेच्या दुधात विष ठरलेलंच!

पहिल्याच सकाळी शालननं दारातून पाहिलं, तर सासू चुलीपुढं कपावर ओणवी झालेली, बोट कपाला लावलेलं, आणि वरून पदराचा आडोसा. हे विषच, असं पोरीनं धरलं. तेव्हापासून ती कप घेऊन गोठ्यात जायची आणि चहा म्हशीच्या आंबोणात ओतायची. म्हैस काही मरेना. मग विष हळू चढणारं असणार, असं शालननं ठरवून टाकलं. म्हशीला मात्र चहाची अशी चटक लागली की चूल पेटायला उशीर झाला तर ती गोठा डोक्यावर घेई.

शेवटी अंबुबाईनं सुनेला गोठ्यात गाठलंच.

"ह्यो काय परकार हाय गं?"

शालन रडायलाच लागली. "चहात काय घालता, आत्याबाई? पिच्चरमधी समदं दावत्यात!"

दुसरी कुणी असं बोलली असती तर अंबुबाईनं तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण इथं तिला वेगळीच भीती पडली. दोन दिवसांनी शालनचा भाऊ तिला जत्रेसाठी न्यायला येणार होता. अशी भ्यालेली पोर माहेरी गेली की परत येतेय कशाला? मग जयसिंग कंपनीत, आणि घरात पुन्हा ती आणि म्हैस.

"चल," अंबुबाई सुनेचे डोळे पुसत म्हणाली. "मला बी दाव तुझा पिच्चर."

काळेवाडीच्या माळावर संध्याकाळच्या खेळाला दोघी बायकांत बसल्या. पडद्यावर काणी सासू आली. एक डोळा पांढरा, तोंडभर कपट. तिनं हातभर उंचीवरून दुधाच्या पेल्यात विषाची बारीक धार सोडली. एक थेंब बाहेर सांडला नाही.

अंबुबाई ताडकन उठली.

"आगं ए खोटारडे! एका डोळ्यानं अंतर कळतंय व्हय? बोट लावल्याबिगर मला कपाचा काठ घावत न्हाई, निम्मा चहा चुलीत जातोय! नव्या सुनंनं बघू नये म्हनून पदर आडवा धरते मी! आन तू वरनं धार सोडतीस? दोन डोळं हायती तुला, भवाने, चांगलं दोन!"

अख्खा तंबू हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए काणे, बस खाली!"

आणि शालन उठली. तिला ते बोट आठवलं, तो पदर आठवला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की सगळा राग मागच्या माणसावर निघाला. "काणी कुनाला म्हनतोस रं मुडद्या? पुढं ये!" पुढचं पिक्चर कुणाला धड ऐकूच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ साहेबराव हजर. अंबुबाईनं पातेलं उचललं. शालननं कप उचलून त्याचा काठ पातेल्याला टेकवला, आणि पदर आडवा न धरताच चहा बरोबर कपात पडला. साहेबरावानंही तेच पिक्चर पाहिलेलं. तो एकदा कपाकडं बघे, एकदा अंबुबाईच्या डोळ्याकडं, आणि बहिणीला खुणावत राही.

"मुकाट्यानं पी," शालन स्वतःच्या कपातला घोट घेत म्हणाली. "न्हाईतर म्हशीला घालते. ती कवाची वाट बघतीया."