स्तामेन्काचा अंगठा

तीस वर्षं बेकरीत उभं राहून स्तामेन्काच्या घोट्यावर जखम चिघळली होती. नर्स रुझित्सा दर सोमवारी पायाला घट्ट पट्टी बांधून जायची. तिची पाठ वळली की स्तामेन्का पट्टी सोडून जखमेवर कोबीचं पान ठेवायची, आणि सोमवारी सकाळी पट्टी पुन्हा गुंडाळायची. तिच्या भावाचा पाय असाच आवळून बांधल्यावर काळा पडला होता, शेवटी कापावा लागला.

आज रुझित्सा पट्टीकडे बघतच राहिली. "मावशी, ही माझी गुंडाळी नाही. लोकरीचा गुंडा केलाय तुम्ही."

स्तामेन्काने पाय मागे घेतला. "पाय मेला तर नवा तू आणून देणारेस?"

रुझित्साने नव्याने पट्टी बांधली आणि स्तामेन्काचा हात तिच्याच पायाच्या अंगठ्यावर ठेवला. "हा गार पडला तर लगेच सोडा. ऊब आहे तोवर पट्टीला हात लावायचा नाही."

आठवडाभर स्तामेन्काने अंगठा हातातून सोडला नाही.